उइघुर निर्वासित परदेशी सरकारांकडे नेमकं काय मागतात?

२०१६ च्या एप्रिलमध्ये एका व्हिसावरून भारत आणि चीन यांच्यात काही दिवस चांगलीच ताणाताणी झाली होती. व्हिसा होता डोल्कुन ईसा यांचा. ते जर्मनीचे नागरिक, राहायला म्युनिकला, आणि जागतिक उइघुर काँग्रेस या संघटनेचे पदाधिकारी. चीनमधल्या लोकशाहीवादी आणि अल्पसंख्याक कार्यकर्त्यांची एक परिषद धरमशालेत भरणार होती. तिला येण्यासाठी त्यांनी ई-व्हिसा मागितला आणि भारताने तो दिला. काही आठवड्यांपूर्वीच चीनने मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादी यादीत घालण्याचा भारताचा प्रयत्न रोखला होता. त्यामुळे भारताने त्याची परतफेड केली, अशी चर्चा रंगली. मग चीनने आक्षेप घेतला, ईसा यांच्या नावावर इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस असल्याचं पुढे आलं आणि व्हिसा रद्द झाला. दोन वर्षांनी, २०१८ च्या फेब्रुवारीत, खुद्द इंटरपोलनेच ती नोटीस मागे घेतली. तोवर आपल्याकडचा विषय केव्हाच मिटला होता.

त्या आठवड्यात 'उइघुर' हा शब्द बातम्यांत रोज दिसत होता. पण हे लोक कोण, आणि आपल्या दारात येऊन ते काय मागणार होते, हे मात्र कुणी नीट सांगितलं नाही. भारत-चीन कुरघोडीतलं एक प्यादं एवढीच त्यांची ओळख उरली. ती पुसायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

एका प्रदेशाची दोन नावं

चीनच्या वायव्य टोकाला, आपल्या लडाखच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा प्रदेश पसरला आहे. मधोमध तकलामकानचं वाळवंट आणि त्याच्या कडेकडेने काशगर, यारकंद, खोतान अशी जुनी गावं. लेहच्या बाजाराला यारकंद परकं नव्हतं. काराकोरम खिंड ओलांडून तांडे यायचे आणि रेशीम, नमदे, गालिचे आणायचे. या प्रदेशात सुमारे १ कोटी १६ लाख उइघुर राहतात (२०२० ची चिनी जनगणना). ते सुन्नी मुसलमान आहेत. त्यांची भाषा चिनीच्या नव्हे, तुर्की कुळातली, उझबेकच्या जवळची. आणि ती लिहितात अरबी वळणाच्या लिपीत.

चीन या प्रदेशाला शिनजियांग म्हणतो. या शब्दाचा अर्थच 'नवी सरहद्द' असा आहे. छिंग साम्राज्याने १८८४ साली त्याचा प्रांत केला. तिथल्या माणसाला मात्र आपलं गाव 'नवं' आणि 'सरहद्दीवरचं' कसं वाटेल? म्हणून निर्वासितांपैकी बहुतेकजण 'पूर्व तुर्किस्तान' असं म्हणतात. याच नावाने दोनदा प्रजासत्ताकही उभं राहिलं होतं: १९३३ साली काशगरमध्ये, जे काही महिनेच टिकलं, आणि १९४४ साली उत्तरेत गुल्जा इथे, सोव्हिएत पाठबळावर. १९४९ मध्ये चिनी कम्युनिस्टांचं सैन्य आलं आणि तो अध्याय संपला. कोण कुठलं नाव उच्चारतं यावरून पुढचं बोलणं कुठल्या दिशेने जाणार हे कळतं, इतकी ही नावं भारलेली आहेत.

निर्वासितांच्या राजकारणाचा पहिला मुक्काम भारतात पडला, हे मला वाचताना प्रथम कळलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं. १९४९ मध्ये ईसा युसुफ आल्पतेकिन आणि मेहमेत एमिन बुग्रा हे दोन नेते शेकडो माणसांसह डोंगर ओलांडून लडाखमार्गे काश्मीरला पोचले. काही काळ श्रीनगरला राहिले आणि मग पन्नाशीच्या दशकात तुर्कीने त्यांना आसरा दिला. आल्पतेकिन १९९५ मध्ये इस्तंबूलमध्ये वारले, तोवर ते देशोदेशींचे दरवाजे ठोठावत होते. त्यांचे चिरंजीव एर्किन आल्पतेकिन २००४ मध्ये म्युनिकमध्ये स्थापन झालेल्या जागतिक उइघुर काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे हे मागणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

तिबेटींना मिळालं ते यांना का नाही?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला बसणारे तिबेटी आपण लहानपणापासून पाहतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहतही आहे. शेजारी त्याच चीनमधून परागंदा झालेला दुसरा समाज मात्र आपल्याला जवळजवळ अनोळखी आहे.

कारणं अनेक आहेत. दलाई लामांसारखा सगळ्या जगाने ओळखावा असा एक चेहरा त्यांच्याकडे नव्हता. भारतासारखा, मनात असो-नसो पण जागा देणारा शेजारी नव्हता. कझाकस्तान, किर्गिझस्तान हे भाषेने, धर्माने जवळचे देश. पण १९९६ नंतर चीनने त्यांना एका गटात बांधलं (पुढे त्याचीच शांघाय सहकार्य संघटना झाली), आणि 'फुटीरतावादाविरुद्ध सहकार्य' या नावाखाली तिथल्या उइघुर संघटनांचा श्वास कोंडत गेला.

आणि मग २००१ साल आलं. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर 'मुसलमान' आणि 'बंडखोर' हे दोन शब्द एकत्र आले की ऐकणारा दचकायला लागला. २००२ मध्ये अमेरिकेने एका छोट्या उइघुर गटाला दहशतवादी ठरवलं. (२०२० मध्ये तिने हे नाव आपल्या एका यादीतून काढलं, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ते अजून आहे.) दहशतवादाच्या संशयितांसाठी अमेरिकेने चालवलेल्या ग्वांतानामोच्या तुरुंगात २२ उइघुर होते. यांना सोडायला हरकत नाही असं ठरल्यावरही त्यांना घ्यायला कुणी तयार होईना. चीनकडे पाठवलं तर छळ होणार आणि दुसरा कुठला देश बीजिंगचा राग ओढवून घेणार नाही. शेवटी अल्बानिया, बर्म्युडा, पलाऊ असे छोटे देश पुढे आले. शेवटचे तिघे २०१३ च्या डिसेंबरमध्ये स्लोव्हाकियाला गेले. उइघुरांच्या बाजूने उभं राहण्याची किंमत किती असते हे त्या वेळी सगळ्या सरकारांनी पाहून ठेवलं.

प्रदेशात हिंसाचार झाला नाही असं नाही. २००९ च्या जुलैत राजधानी उरुमचीत दंगल झाली, सरकारी आकडा १९७ मृतांचा. २०१४ मध्ये प्रदेशाबाहेर, दक्षिण चीनमधल्या कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर सुरे घेऊन आलेल्यांनी ३१ जणांना मारलं. हे भयंकरच होतं. पण काही हल्लेखोरांची शिक्षा एका अख्ख्या समाजाला द्यायची, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. २०१७ पासून तेच घडलं. दाढी, बुरखा, परदेशातल्या नातेवाइकाला केलेला फोन, मोबाइलमधलं एखादं अॅप एवढ्या कारणावरून माणसं स्थानबद्धतेच्या छावण्यांत गेली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीत दहा लाखांपर्यंत माणसं कोंडली असल्याच्या विश्वासार्ह माहितीचा उल्लेख झाला. चीनने आधी इन्कार केला, मग 'ही व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रं आहेत' असं म्हटलं आणि २०१९ च्या अखेरीस सगळे प्रशिक्षणार्थी बाहेर पडल्याचं जाहीर केलं. पण बऱ्याच जणांना रीतसर खटल्यांतून लांब मुदतीच्या शिक्षा झालेल्या आहेत. आणि २०१७ ते २०१९ या दोनच वर्षांत प्रदेशाचा जन्मदर जवळपास निम्म्यावर आला, हे चीनच्याच आकडेवारीत आहे.

'पाठिंबा' म्हणजे काय?

'परदेशी सरकारांनी पाठिंबा द्यावा' हे वाक्य ऐकायला एक आहे, पण त्याच्या पोटात अनेक वेगवेगळ्या मागण्या आहेत. आणि माझं निरीक्षण असं की जी मागणी सरकारला स्वस्त पडते ती लवकर मान्य होते, जी महाग पडते ती वर्षानुवर्षं फायलीत राहते.

सगळ्यात साधी मागणी: आम्हाला परत पाठवू नका. ज्या देशात छळ होण्याची भीती आहे तिथे माणसाला ढकलायचं नाही, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचं मूळ तत्त्व आहे. कुणाचं राज्य, कुठला झेंडा, असला कुठलाच वाद यात नाही. तरी हीच मागणी सर्वांत जास्त वेळा मोडली गेली. २०१७ च्या जुलैत इजिप्तने आपल्याकडे शिकायला आलेल्या उइघुर विद्यार्थ्यांची धरपकड केली. थायलंडमध्ये २०१४ च्या सुमारास पळून आलेले शेकडो उइघुर सापडले. पुढच्या वर्षी बायका-मुलांपैकी बऱ्याच जणांना तुर्कीला जाता आलं, पण १०९ जणांना थायलंडने चीनकडे पाठवलं. बाकीचे तिथल्या स्थानबद्धता केंद्रात दहा वर्षांहून जास्त काळ राहिले आणि त्यांतल्या ४० जणांना २७ फेब्रुवारी २०२५ रोजी विमानात बसवून चीनला रवाना केलं. अमेरिकेने त्यात हात असलेल्या थाई अधिकाऱ्यांच्या व्हिसावर निर्बंध घातले. गेलेल्या माणसांच्या ते काहीच कामाला आलं नाही.

उलट उदाहरणही आहे. तुर्कीत राहणारा एक उइघुर संगणक अभियंता २०२१ च्या जुलैत मोरोक्कोला उतरला आणि इंटरपोलच्या नोटिशीवरून अटकेत गेला. नोटीस नंतर रद्द झाली, तरी तिथल्या न्यायालयाने त्याला चीनच्या हवाली करायला हिरवा कंदील दिला. मग निर्वासितांच्या संघटना, वकील, संयुक्त राष्ट्रांची छळविरोधी समिती सगळे मागे लागले. त्याची रवानगी थांबली. साडेतीन वर्षांनी, २०२५ मध्ये, तो सुटून अमेरिकेला पोचला. एका माणसासाठी इतके कष्ट!

दुसरी मागणी शब्दाची: जे चाललं आहे त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. इथे 'जनसंहार' हा शब्द येतो आणि बराच गोंधळ होतो. जनसंहार म्हणजे फक्त कत्तल, असा आपला समज असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जनसंहारविरोधी कराराची व्याख्या त्याहून व्यापक आहे. एखादा समाज पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने त्याच्यात जन्म रोखणं किंवा त्याची मुलं काढून दुसऱ्यांकडे देणं, हेही त्यात बसतं. लंडनमध्ये ब्रिटिश वकील सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखाली एक लोकन्यायाधिकरण बसलं. त्याला कुठल्याही सरकारचे अधिकार नव्हते. त्याने साक्षी ऐकून ९ डिसेंबर २०२१ रोजी जन्म रोखण्याच्या मुद्द्यावरच जनसंहाराचा निष्कर्ष काढला. सामूहिक हत्येचा पुरावा आढळला नसल्याचंही त्याने स्पष्ट नोंदवलं, आणि मला त्यामुळे त्याचा निष्कर्ष अधिक वजनदार वाटतो.

अमेरिकी सरकारने हा शब्द १९ जानेवारी २०२१ रोजी वापरला. कॅनडाच्या संसदेने पुढच्याच महिन्यात २६६ विरुद्ध ० मतांनी ठराव केला. पण आकड्याच्या पलीकडे पाहायला हवं: पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ मतदानापासून बाजूला राहिलं. ब्रिटनमध्येही संसदेने ठराव केला आणि सरकारने 'हे ठरवणं न्यायालयाचं काम' अशी भूमिका घेतली. संसदेचा ठराव आणि सरकारची भूमिका यांतला हा फरक बातमीत हमखास निसटतो. सरकारने तो शब्द अधिकृतपणे उच्चारला, तर जनसंहार रोखण्याची करारातली जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीती त्यामागे असते.

मग न्यायालय का नाही? रस्ते बंद आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा चीन सदस्य नाही. २०२० मध्ये निर्वासितांच्या एका गटाने तिथे तक्रार केली, ती याच अडचणीत अडकली. आंतरराष्ट्रीय न्यायालयात दुसऱ्या देशाने खटला भरावा, तर असा खटला भरू देणाऱ्या कलमावर चीनने जनसंहारविरोधी करार स्वीकारतानाच हरकत नोंदवून ठेवली आहे. सुरक्षा परिषदेत चीनचा नकाराधिकार आहे. म्हणून आता अर्जेंटिनासारख्या देशांच्या न्यायालयांत प्रयत्न चालू आहेत, कारण काही गुन्हे जगात कुठेही घडले तरी त्यांची चौकशी करण्याची मुभा तिथला कायदा देतो.

कापसाची गाठ

या सगळ्यात खरी पकड बसली ती व्यापाराच्या कायद्याने, असं मला वाटतं. जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा शिनजियांगमध्ये पिकतो. टोमॅटोचा लगदा आणि सौर पॅनेलसाठी लागणारं पॉलिसिलिकॉन हेही तिथून मोठ्या प्रमाणात बाहेर जातं. सरकारी योजनेखाली माणसांना कामावर पाठवलं जातं आणि 'नको' म्हणण्याची सोय नसते, हा मुख्य आरोप.

आता अडचण काय, ते विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दहा शेतांतला कापूस जिनिंगमध्ये गेला, सरकी निघाली, रुईची गाठ बांधली, की कुठला बोंड कुणाच्या शेतातला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पुढे ती गाठ सूतगिरणीत जाते, सुताचं कापड तिसऱ्या देशात होतं, शर्ट चौथ्या देशात शिवला जातो. 'या शर्टात सक्तीची मजुरी आहे' हे सिद्ध कोण करणार? निरीक्षकांना तर त्या प्रदेशात मोकळेपणी फिरताच येत नाही.

अमेरिकेच्या २०२१ च्या उइघुर सक्ती-मजुरी प्रतिबंधक कायद्याने हे ओझंच उलटं केलं. वस्तू पूर्ण किंवा थोडी जरी शिनजियांगमधून आलेली असेल, तर ती सक्तीच्या मजुरीची आहे असंच धरायचं. नाही, हे आयातदाराने पुराव्यानिशी दाखवायचं. तोवर माल बंदरावर अडकून. जून २०२२ पासून हा कायदा लागू आहे आणि तो दोन्ही पक्षांनी मिळून मंजूर केला. ठराव कपाटात जाऊन पडतो, हा कायदा रोज गोदीवर काम करतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या मजुरीच्या मालावर बंदीचा कायदा केला, तो २०२७ च्या डिसेंबरपासून लागू होणार आहे. पण त्यात शिनजियांगचं नाव घेऊन ओझं उलटवलेलं नाही. सिद्ध करण्याचं काम यंत्रणेवरच आहे. बीजिंगला दुखवण्याची तयारी कुठे किती, ते या फरकात दिसतं.

सर्वांत वरची मागणी म्हणजे देश म्हणून मान्यता. इथे निर्वासितांमध्येच मतभेद आहेत. वॉशिंग्टनमध्ये २००४ पासून एक 'पूर्व तुर्किस्तानचं परागंदा सरकार' आहे. ते म्हणतं, हा मानवी हक्कांचा नव्हे, परकीय ताब्याचा प्रश्न आहे आणि स्वातंत्र्याखेरीज उत्तर नाही. जागतिक उइघुर काँग्रेस 'आत्मनिर्णय' हा शब्द वापरते आणि परदेशी मंत्र्यांपुढे हक्क, छावण्या, सक्तीची मजुरी हे विषय आधी ठेवते. कारण उघड आहे: स्वातंत्र्य म्हटलं की समोरचा मंत्री फाइल मिटवतो. दोन्ही बाजूंना एकमेकींचा राग आहे, पण आपले लोक छावणीत असताना 'व्यवहारी' व्हायचं की 'खरं ते' बोलायचं, हा पेच बाहेरच्याने हसण्यावारी न्यावा असा नाही.

मुसलमान देश आणि आपण

२०२२ च्या ३१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बॅशले यांच्या कारकिर्दीचा तो शेवटचा दिवस होता, मध्यरात्रीला काही मिनिटं उरली होती. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ठरू शकतील असे प्रकार घडल्याचं त्यात म्हटलं होतं. ऑक्टोबरमध्ये मानवाधिकार परिषदेत एक प्रस्ताव मतदानाला आला. निषेधाचा नव्हे, या अहवालावर नुसती चर्चा करण्याचा. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. प्रस्ताव पडला. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती, शेजारचा कझाकस्तान, जवळचा उझबेकिस्तान, सगळ्यांनी विरोधात मत दिलं. मुस्लिमबहुल देशांपैकी बाजूने उभा राहिला तो एकटा सोमालिया. कर्ज, रस्ते, बंदरं यांतून आलेलं चीनचं वजन हे त्याचं एक कारण, आणि 'आज त्यांच्या घरात डोकावलं तर उद्या आपल्या' ही धास्ती हे दुसरं. तुर्कीत सुमारे ५० हजार उइघुर राहतात आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या परराष्ट्र खात्याने छावण्यांना 'मानवतेला लाज' म्हटलं होतं. तो सूरही पुढे मंदावला.

भारत त्या ११ तटस्थांत होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर व्हावा असं म्हटलं. भारताच्या तोंडून एवढं येणंही नवं होतं. एका देशाविषयीच्या ठरावांना पाठिंबा न देण्याची आपली जुनी रीत, काश्मीरचा प्रश्न, अक्साई चीनचा काही भाग तर चीनने याच प्रदेशाच्या खोतान विभागात धरलेला. ही सगळी गणितं मला समजतात. तरीही नुसत्या चर्चेला 'हो' म्हणायला हवं होतं, असंच मला वाटतं.

मागणाऱ्याला काय मोजावं लागतं, तेही सांगितलं पाहिजे. रुशान अब्बास या अमेरिकेतल्या कार्यकर्त्या. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्या वॉशिंग्टनमधल्या एका कार्यक्रमात छावण्यांविषयी जाहीर बोलल्या. सहा दिवसांत त्यांची बहीण गुलशन, निवृत्त डॉक्टर, उरुमचीतून नाहीशी झाली. तिला वीस वर्षांची शिक्षा झाल्याचं घरच्यांना दोन वर्षांनी समजलं. बोललं तर आतल्यांना त्रास, न बोललं तर ते कायमचे विसरले जाणार. २०१९ मध्ये एका संगीतकाराच्या मृत्यूची बातमी फिरली तेव्हा चीनने तो जिवंत असल्याची चित्रफीत दाखवली. लगेच जगभरच्या उइघुरांनी आपापल्या आईवडिलांचे फोटो हातात धरून विचारलं: मग यांचीही चित्रफीत दाखवा.

शिवाय ही लढाई बरीचशी परक्या पैशावर चालते. अनेक उइघुर संघटनांना अमेरिकी सरकारच्या निधीतून चालणाऱ्या एका संस्थेचं अनुदान मिळत आलं आहे. चीन त्यावर बोट ठेवून सगळंच खोटं ठरवतो. पैसा कुठून आला याने साक्ष खोटी होत नाही, पण परावलंबन खरं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी धोरण बदललं आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या रेडिओ फ्री एशिया या वृत्तसंस्थेचा निधी आटला. छावण्यांच्या अनेक बातम्या सर्वांत आधी देणारी तिची उइघुर सेवा त्यात बंद पडली. तिथल्या पत्रकारांचे नातेवाईक याच नोकरीपायी शिनजियांगमध्ये तुरुंगात गेलेले होते.

२०१३ च्या जूनमध्ये तीन उइघुर भाऊ डोंगर ओलांडून लडाखमध्ये उतरले. १९४९ मध्ये आल्पतेकिन आले त्याच बाजूने. सीमा बेकायदा ओलांडल्याबद्दल त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ती भोगून संपली. त्यानंतर सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धतेचे आदेश एकामागून एक निघत राहिले. दहा वर्षं उलटली तेव्हाही ते भारताच्याच तुरुंगात होते.